गरज संपल्यावरची हिंसा

मुंबईत अंधेरी पूर्वेला महाकालीची, म्हणजे कोंदिवटेची, 19 बौद्ध लेणी आहेत. याच उपनगर जिल्ह्यात ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्रही आहे. तिथल्या सायरस अणुभट्टीतले प्लुटोनियम वापरून 18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला आणि त्याला बुद्धाच्या स्मिताचे नाव मिळाले. पुढे 11 मे 1998च्या चाचण्या तर बुद्धपौर्णिमेलाच झाल्या. अण्वस्त्रांशी बुद्धाचे नाव जोडण्याला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते अपुरे वाटते. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज वेगळी मानली आहे, बुद्धाचा निषेध इच्छेपोटी होणाऱ्या हिंसेला आहे, असे ते म्हणतात. म्हणजे देशाचे सशस्त्र रक्षण बुद्धविचाराबाहेर पडत नाही. अण्वस्त्राला हीच कसोटी लावून पाहू.

जानेवारी 2003मध्ये सरकारने जाहीर केलेल्या अणुधोरणात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: अण्वस्त्राचा पहिला वापर आपण करणार नाही, आणि आपल्यावर अणुहल्ला झाला तर प्रतिहल्ला प्रचंड असेल. पहिली गोष्ट कसोटीला उतरते. दुसरी मात्र अमलात येईल तेव्हा ज्यांना वाचवायचे होते ते मेलेले असतील. मग समोरच्या देशातली शहरे भाजून काढण्यात कोणाचे रक्षण उरते? गरज संपलेली असते. उरते ती इच्छा.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की ही धमकी खरी करावी लागू नये म्हणूनच दिलेली असते. पाकिस्तानने पहिल्या वापराचा हक्क सोडलेला नाही, चीनही अण्वस्त्रसज्ज आहे. धमकी मवाळ केली तर शत्रूचे धाडस वाढेल. ही भीती खरी आहे, आणि एकतर्फी शस्त्रत्याग मी सुचवत नाही. पण धमकीचा धाक बसायचा तर तिच्यामागे खरा निश्चय लागतो, आणि बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेतच, म्हणजे हेतूतच, आहे. लाखो निरपराधांना मारण्याची तयारी शांततेच्या काळातही रोज जोपासावी लागते, आणि बटण दाबले गेले नाही म्हणून ती निष्पाप ठरत नाही. शिवाय भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या 1998च्या चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिलचे युद्ध घडले. म्हणजे या धाकाने सगळी युद्धे थांबत नाहीत.

एका परिस्थितीत मात्र प्रतिहल्ल्याची गरज शिल्लक राहते: शत्रूचा पुढचा मारा रोखायचा असेल तेव्हा. लष्करी तळ वस्त्यांना खेटून असतात आणि किरणोत्सर्ग सीमा पाळत नाही, त्यामुळे तिथेही निरपराध मरतील, हे मी नाकारत नाही. तरीही शत्रूची मारा करण्याची साधने मोडणे आणि त्याची शहरे उद्ध्वस्त करणे यांत नैतिक अंतर आहे. पहिला वापर न करण्याचे वचन कायम ठेवून भारताने प्रतिहल्ल्यालाही ही मर्यादा घालावी आणि ती धोरणात लिहून जाहीर करावी.