पिवळी बेलबॉटम

राहुरीत शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' बसवायचं ठरलं आणि पोरांनी पहिल्याच बैठकीत सामानाची यादी केली. जुना रेडिओ, काळा फोन, लांब कॉलरचे शर्ट, बेलबॉटम. काळ १९७४. मी विचारलं, १९७४च का? कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण दिग्दर्शकाला तसं कबूल करायची सोय नसते.

उत्तर तालमीत सापडलं. व्हायोला पुरुषाच्या वेशात वावरते, यावर सगळं नाटक उभं आहे. आमची व्हायोला तालमीला येते तीच मुळी जीन्स घालून, स्कूटीवरून. तिने पँट घातली तर त्यात सोंग ते कसलं? १९७४च्या राहुरीत मात्र पँट दिसली की पुरुष, पुढे कुणी बघत नसे. तसंच पत्राचं. दासी मारियाचं अक्षर मालकीण ओलिव्हियासारखं, म्हणून कारभारी माल्व्होलिओ खोट्या पत्राला फसतो. आज घरातल्या माणसाचंही अक्षर ओळखू येत नाही. आणि मोबाइल असता तर ताटातूट झालेली जुळी भावंडं, व्हायोला आणि तिचा भाऊ, पहिल्याच अंकात भेटली असती. गैरसमज पिकायला वेळ लागतो, आणि तो त्या काळाकडे होता. ओलिव्हियासाठी झुरणाऱ्या ऑर्सिनोला तर आम्ही बुधवारच्या बिनाका गीतमालेची वाट बघत बसवला. त्याचं प्रेम तेवढ्याच खोलीचं आहे.

शेक्सपिअरला आपल्या घरचं करून घेण्याची मराठीला जुनी सवय. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'ची 'त्राटिका' केली. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. शेक्सपिअरच्या रंगभूमीवरही स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करायचे. म्हणजे मुलगा व्हायोला होणार आणि ती व्हायोला पुन्हा मुलगा! ही दुहेरी गंमत आमच्या वाट्याला आली नाही.

मूळ नाटकात ही भावंडं जहाज फुटून दुरावतात. ते जहाज मात्र आम्हाला नडलं. राहुरीत ते आणायचं कुठून? कुणी मुळा धरणातली होडी सुचवली. शेवटी आम्ही भावाबहिणीची दौंड जंक्शनच्या गर्दीत चुकामूक केली आणि बहिणीला एकटीच राहुरी स्टेशनवर उतरवली. ही माझी चूक. चुकलेल्या माणसाला शोधतात, त्याच्यासाठी रडत नाहीत. भाऊ गेल्याचं दुःख करणाऱ्या व्हायोला आणि ओलिव्हिया एकमेकींसमोर येतात, तो धागाच मी तोडला होता. हे प्रयोगाच्या रात्री कळलं.

माल्व्होलिओचा आम्ही बागायतदाराच्या वाड्यावरचा दिवाणजी केला. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने १६०२च्या फेब्रुवारीत लंडनला हे नाटक पाहिलं आणि डायरीत लिहिलं ते कारभाऱ्याच्या फजितीबद्दल. मूळ नाटकातले पिवळे मोजे आमच्याकडे पिवळी बेलबॉटम झाले. दिवाणजी ती घालून मालकिणीसमोर हसत उभा राहिला तेव्हा पाच मिनिटं वाक्य पुढे सरकेना. मग त्याला वेडा ठरवून कडब्याच्या खोलीत कोंडलं. हसू हळूहळू विरलं. शेवटी सूड घेईन म्हणत तो निघून गेला, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून खोकलासुद्धा आला नाही.

पडदा पडल्यावर धोतर-टोपीतले एक आजोबा विंगेत आले. मला वाटलं, जुना काळ बरा दाखवलात म्हणतील.

"दिवाणजी गेला," ते म्हणाले, "पण त्याचा राहिलेला पगार दिला का हो कुणी?"