'पाच दिवसांचं तर औषध!'

चार महिन्यांचं बाळ. नाक वाहतंय, ताप नाही, अंगावर नीट पितंय, छाती स्वच्छ. केसपेपरवर हे तूच लिहिलंस आणि खाली अमॉक्सिसिलिन! का, तर आई अडून बसली. आई काळजीपोटी मागणारच. तुला शिकवलं कशासाठी? 'पाच दिवसांचं तर औषध' हे माझ्यासमोर पुन्हा बोलायचं नाही.

त्या बाळाच्या आतड्यात आत्ता काय चाललंय, ठाऊक आहे? आईच्या दुधात बाळाला न पचणाऱ्या शंभराहून अधिक प्रकारच्या साखरा असतात. त्यांवर बिफिडोबॅक्टेरिया पोसतात, आणि कुठे लढायचं, कुठे गप्प बसायचं हे प्रतिकारशक्ती त्यांच्या सहवासात शिकते. त्यांनाच तू औषध पाजायला निघालास.

2012 चा 'सायन्स'मधला प्रयोग मी फळ्यावर मांडला होता. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात आयएनकेटी या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी झाली, कोलायटिस बळावला. जन्मतःच जंतू मिळालेली पिल्लं त्यातून बचावली. मोठ्या उंदरांना तेच जंतू दिले, उपयोग झाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण ही वेळ निघून जाते हे ज्याला कळलंय, त्याचा हात लिहिताना थबकतो. तुझा थबकला नाही, याचा मला राग आहे.

वर म्हणतोस, प्रोबायोटिकची पुडी जोडली आहे! ओडिशातल्या 2017 च्या अभ्यासाची साक्ष काढू नकोस. तिथे निवडून घेतलेला लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम आणि त्याला पोसणारी साखर नवजातांना आठवडाभर दिली, तेव्हा सेप्सिस घटला. दुकानातली कुठलीही पुडी म्हणजे ते नव्हे.

न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक आधी दे, मला नंतर सांग. तिथे कुचराई केलीस तर याहून वाईट ऐकशील. पण ते ठरवायला श्वास मोजावे लागतात. केसपेपरवर आकडाच नाही! बाळ शांत असताना, पोटावर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोज. या वयात 50 किंवा अधिक म्हणजे जलद. त्याच्या आत असतील आणि छाती आत ओढली जात नसेल, तर नाकात सलाईनचे थेंब आणि अंगावरचं दूध चालू. पोट उडायला लागलं, दूध ओढेना झालं, तर रात्री-अपरात्रीही घेऊन या, असं आईला नीट समजावून सांग. त्या अजून औषधाच्या रांगेत आहेत. जा, बोलावून आण.