सोसत नाही

भोकरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत परवा दुपारच्या सुट्टीत गेलो होतो. ताटल्या वाजवत पोरं व्हरांड्यात पंगतीला बसली. वाढप सुरू होण्याआधी गुरुजींनी पातेल्यातली खिचडी दोन घास खाल्ली आणि चव रजिस्टरवर सही केली. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 लेकरं गेली, तेव्हापासून या सहीला वजन आलं. चांगलंच झालं.

पण जे सगळ्यांनाच बाधतं तेवढंच त्या चवीत सापडणार. एकाच लेकराला शेंगदाणा बाधत असेल, तर खिचडीवर भुरभुरलेलं कूट गुरुजींना चवदारच लागेल.

नोव्हेंबर 2023 पासून शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. (2025 मध्ये अंड्यांचा सरकारी पैसा थांबला, तो वाद वेगळा.) त्यात एक गोष्ट मला आवडली होती. ‘आम्हाला अंडं चालत नाही’ असं पोरगी म्हणाली, की ‘माळकरी का गं तुम्ही?’ एवढंच कोणी विचारायचं आणि तिच्या ताटलीत केळं पडायचं. पुरावा कोणी मागायचं नाही. आपल्याकडे ‘चालत नाही’ या शब्दाला मान आहे.

‘सोसत नाही’ला तो नाही. यात पहिला गुन्हेगार मीच. माझा भाचा सातेक वर्षांचा असताना चिक्की नको म्हणाला, घशात कसंतरी होतं म्हणाला. ‘अरे, दोन दाण्यांनी काय होतंय? थेर नको करू,’ असं म्हणत मीच तुकडा त्याच्या हातात दिला. मामाचा आग्रह, त्यानं खाल्ला. थोड्या वेळात ओठ सुजले, पाठभर गांध्या उठल्या. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, पित्त उठलंय, आमसूल लावा. तेवढ्यावर निभावलं, ते माझं नशीब. तीव्र ॲलर्जीत घसा आतून सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो आणि हे सगळं काही मिनिटांत होतं. तिथे आमसूल कामाचं नाही, ॲलर्जीच्या गोळीवर विसंबणंही धोक्याचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, तेही लगेच.

गंमत म्हणजे हे औषध आपल्या शाळांना परकं नाही. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला सिस्टर येतात, तेव्हा लसच एखाद्याला बाधली तर म्हणून त्यांच्या पेटीत ॲड्रेनालिन असतं. टोचून झालं की मुलांना अर्धा तास बसवून ठेवतात. संध्याकाळी सिस्टर जातात, पेटीही जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी शिजते. भोकरहून नांदेडचा मोठा दवाखाना पन्नासेक किलोमीटर; तांड्यावरच्या शाळेतून आधी भोकरच गाठायचं असतं.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 2003 मध्ये सब्रिना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या कँटीनमधले बटाट्याचे तळलेले काप खाऊन दगावली. तिला दुधाचे पदार्थ सोसत नसत. संशय गेला तो वाढायच्या चिमट्यावर, कारण तोच चिमटा चीजच्या पदार्थालाही वापरला होता. 2005 मध्ये तिथे तिच्या नावानं कायदा झाला: अशा प्रत्येक मुलासाठी शाळेनं स्वतंत्र आराखडा ठेवायचा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं.

ही गोष्ट मी त्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशींना सांगितली. महिना अडीच हजारांवर चूल सांभाळणारी बाई. कायद्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. हातातला डाव उलटापालटा करून बघितला. मग म्हणाल्या, “आमचा डाव बी एकच हाय की. पण कोणाला काय सोसत नाही, ते आम्हाला सांगतंय कोण? नाव कळलं तर त्याचं आधी काढून ठेवीन, कूट मागनं टाकीन.”

गुरुजींनी रजिस्टर पुन्हा उघडलं. तारीख, पदार्थ, चव, सही. नावासाठी रकाना नव्हता. त्यांनी शेवटच्या पानावर पट्टीनं एक रेघ ओढली आणि पंगतीकडे बघत विचारलं, “काय रे, कोणाला काय खाल्लं की त्रास होतो?”

आधी कोणीच बोललं नाही. मग मागच्या रांगेतून एक हात अर्धवट वर आला.