भरवसा आणि सराव



घरातला मुलगा दूरच्या नोकरीला निघाला की आपण त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो, हातात रोझरी देतो आणि म्हणतो, "जा बाळा, देव सांभाळील." हे आपण मनापासून म्हणतो आणि ते म्हणायलाच हवे. पण नोकरी जर भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर असेल, तर जाण्याआधी त्याला एक कोर्स करावा लागतो. आग लागली, हेलिकॉप्टर पाण्यात पडले, जहाज बुडू लागले, तर काय करायचे हे तिथे शिकवतात. मग घरात कोणीतरी विचारतेच, "देव सांभाळणार आहे ना, मग हे सगळे कशाला?" आणि एखादा तरुण उलटे विचारतो, "सरावच वाचवणार असेल, तर मग देव कशाला?"

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. कोल्हापूर काही समुद्रकाठी नाही, पण शिरोलीच्या कारखान्यात हात बसलेला वेल्डर किंवा आयटीआय झालेला फिटर मुंबई हायला किंवा आखातात कामाला जाऊ शकतो. म्हणून आज आपण या प्रश्नांचा थोडा विचार करूया.

संत पौलाचे जहाज

आपल्या मराठीत म्हण आहे, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी." ही म्हण आळशी माणसाची थट्टा करते. पण श्रद्धेचे रूप घेऊन हाच आळस आपल्याही घरात शिरतो. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले, देवदूत झेलतील असे आश्वासनही दिले. प्रभूने उडी टाकली नाही. देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे, हे त्याने तिथे दाखवून दिले.

याहून स्पष्ट उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. कैदी म्हणून रोमला जात असताना संत पौलाचे जहाज वादळात सापडले. जहाजावर २७६ माणसे होती. कोणाचाही जीव जाणार नाही, असे वचन पौलाला देवदूताकडून मिळाले होते. तरीही, खलाशी गुपचूप होडी सोडून पळू पाहत आहेत हे लक्षात येताच त्याने शताधिपतीला बजावले की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

इथे थोडे थांबूया. वचन देवाचे होते. मग खलाशांची गरज काय? गरज होती, कारण देवाचे वचन खलाशांच्या शिकलेल्या हातांतूनच पुरे व्हायचे होते. पौलाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. त्याने प्रार्थना केली, उपाशी माणसांना जेवायला लावले आणि कुशल माणसांना जागेवर ठेवले. शेवटी जहाज फुटले. पोहता येणाऱ्यांनी आधी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्या धरून आले, आणि सगळे मालटाच्या किनाऱ्याला लागले. देवाने तारले, ते पोहणाऱ्यांच्या हातांनी आणि लाकडाच्या फळ्यांनी.

कोर्समध्ये काय शिकवतात

मुंबई हाय हे मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगवरून विहीर खणली गेली आणि तिथे तेल सापडले. तेव्हापासून हजारो माणसांनी तिथे काम केले आहे. बहुतेक जण हेलिकॉप्टरने जातात. अशा कामावर जाणाऱ्यांसाठी जगभर 'बोसिएट' नावाचा पायाभूत कोर्स चालतो. तो साधारण तीन दिवसांचा असतो. त्यात सुरक्षिततेची ओळख, हेलिकॉप्टरमधून सुटका, समुद्रात तग धरणे व प्रथमोपचार, आणि आग विझवणे असे भाग असतात. प्रमाणपत्र चार वर्षे चालते, नंतर उजळणी करावी लागते. आपल्या शेजारी गोव्यात बेतुल येथे ओएनजीसीचे समुद्रात तग धरण्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.

यातला सर्वांत कठीण भाग हेलिकॉप्टरचा. हेलिकॉप्टरचे इंजिन आणि पंखा वर असतात, त्यामुळे ते पाण्यात पडले की बहुधा उलटे होते. म्हणून तलावात एक खोटी केबिन टांगतात, माणसांना आत पट्ट्याने बांधतात आणि केबिन बुडवून उलटी करतात. नाकात पाणी जाते, वर-खाली कळत नाही. शिकवलेले असते ते एवढेच: एक हात खिडकीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. केबिन फिरायची थांबू द्या. आधी खिडकी ढकला, मग पट्टा सोडा, मग बाहेर या.

घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. तो आधी पट्टा सोडतो. मग तो पाण्यात तरंगू लागतो, खिडकी कुठे ते समजत नाही आणि ढकलायला जोरही मिळत नाही. रंकाळ्यात किंवा पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना वाटते, आम्हाला पोहता येते, आम्हाला काय शिकवता? पण इथे प्रश्न पोहण्याचा नाही. भीतीने डोके चालेनासे होते त्या क्षणी हाताने योग्य काम करण्याचा आहे, आणि हात तेच करतो जे त्याने आधी अनेकदा केलेले असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाबद्दल असेच काहीसे म्हटले आहे. सद्गुण म्हणजे मनात आलेला चांगला विचार नव्हे, तर अंगवळणी पडलेली चांगली सवय. ऐन वेळी खरे बोलायचे असेल, तर रोजच्या लहान गोष्टींत खरे बोलायचा सराव हवा. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. दहा कुमारिकांच्या दाखल्यातील पाच जणींची चूकही हीच होती. त्यांना वराची ओढ नव्हती असे नाही, त्यांनी तेल घेतले नव्हते.

सराव कोणासाठी?

काही जण म्हणतील, हे सगळे स्वतःचा जीव वाचवण्यासाठीच ना? आपल्याला तर दुसऱ्यासाठी जीव द्यायला शिकवले आहे. पण जरा त्या केबिनकडे पुन्हा पाहा. एका खिडकीतून एकाहून अधिक माणसांना बाहेर पडायचे असते. खिडकीजवळचा माणूस गोठून बसला, तर त्याच्या मागचाही अडकतो. मागच्याचा श्वास पुढच्याच्या सरावावर अवलंबून असतो. लाइफ जॅकेट कसे घालायचे हे ज्याला माहीत नाही, त्याला वाचवायला दुसऱ्याला जीव धोक्यात घालावा लागतो. म्हणून स्वतःची सुटका नीट शिकणे हे शेजाऱ्यावरचे प्रेमच आहे. 'स्वतःसारखी शेजाऱ्यावर प्रीती' या आज्ञेत स्वतःलाही जागा आहे, हे आपण कधीकधी विसरतो.

याच कारणासाठी खोटे प्रमाणपत्र हे साधे खोटे नव्हे. कोर्सचे पैसे आणि दिवस वाचवण्यासाठी कागद 'मॅनेज' करण्याचा मोह एखाद्याला होतो. घरी कर्ज असते, जागा हातची जाईल अशी भीती असते. ती अडचण आम्ही हलकी मानत नाही. पण हे खोटे कंपनीच्या साहेबाशी बोललेले नसते. ते शेजारच्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेल्या, कोणाच्या तरी मुलाशी बोललेले असते.

चांगला हेतू पुरेसा नाही

२७ जुलै २००५ ची दुर्घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आदल्या दिवशी मुंबई पावसात बुडाली होती. मुंबई हायजवळ 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. म्हणून उपचारासाठी त्याला फलाटावर उतरवायला जहाज अगदी जवळ आणले गेले. लाटांच्या हेलकाव्यात जहाज वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर आदळले. वायू सुटला, आग लागली आणि दोन तासांच्या आत फलाट नष्ट झाला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले, २२ जण गेले. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या.

जखमी माणसाला लवकर उपचार मिळावेत, हा हेतू दयेचाच होता. म्हणूनच ही घटना आपल्याला जास्त विचार करायला लावते. दयेलाही विवेक लागतो. चार मूलभूत सद्गुणांत ख्रिस्तसभा विवेकाला पहिले स्थान देते ते उगीच नाही.

आणि नुसते सांगितल्याप्रमाणे वागणे म्हणजेही विवेक नव्हे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या फलाटावर आग लागून १६७ माणसे मेली. नेमून दिल्याप्रमाणे अनेक जण राहण्याच्या जागेत हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबले. धुरामुळे हेलिकॉप्टर येऊच शकले नाही. वाचलेल्या ६१ जणांपैकी बहुतेकांनी तिथून निघून समुद्राची वाट धरली होती. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या, आणि समुद्रातील सुरक्षिततेचा विचारच बदलला. चांगले शिक्षण नियम शिकवते आणि नियम कशासाठी आहे तेही शिकवते.

पाठवणाऱ्याचे कर्तव्य

आता सर्वांत अवघड मुद्दा. कामगाराने सगळे शिकून घेतले तरी पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते का?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. हवामान खात्याने आधीच इशारे दिले होते. तरी कामगारांच्या मुक्कामाचे 'पी-३०५' हे बार्ज समुद्रातच राहिले. नांगर तुटले आणि १७ मे रोजी ते बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने वादळात जाऊन १८६ जणांना वाचवले. कित्येक जण लाइफ जॅकेटच्या आधारावर तासन् तास पाण्यात तरंगत राहिले होते. याच वादळात बुडालेल्या 'वरप्रदा' या टगबोटीसह मृतांचा आकडा ८६ वर गेला. बार्जवरचे फुगवायचे तराफे फाटलेले होते, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले.

संत पौलाने निघण्यापूर्वीच धोक्याचा इशारा दिला होता. पण शताधिपतीने पौलापेक्षा कप्तानाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. दोन हजार वर्षांत समुद्र बदलला नाही आणि ही सवयही बदलली नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याचे मत शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही.

कामगाराला पोहायला शिकवायचे आणि तराफा तपासायचा नाही, हा अन्याय आहे. प्रशिक्षण हे मालकाच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात मालकांची कर्तव्ये मांडली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' मध्ये आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क मानला. हा हक्क कायम नोकरीवाल्याला आणि कंत्राटी मजुराला सारखाच आहे. ठेकेदार मधे आला म्हणून माणसाची किंमत कमी होत नाही.

आपण काय करावे?

हा प्रश्न केवळ समुद्रावर जाणाऱ्यांचा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गर्दीने भरलेली नाव उलटली. पुरातून सुटण्यासाठी त्या नावेत बसलेली अनेक माणसे बुडाली. पंचगंगेचे पाणी पुन्हा चढेल तेव्हा आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कोण बाहेर काढणार, हे आज ठरलेले आहे का? आपल्यापैकी ज्यांचे लहान कारखाने आहेत, त्यांच्याकडे टाकी साफ करायला उतरणाऱ्या मुलाला आधी काही सांगितले जाते का? दुचाकीवर मिस्साला येताना हेल्मेट घरीच असते का?

मुलगा समुद्रावर निघाला असेल तर पगार विचारण्याआधी विचारा: कोर्स केलास का? खरोखर पाण्यात उतरलास का? वादळाचा इशारा आला तर तुमच्याकडे काय करतात? 'हे काम धोक्याचे आहे, मी थांबतो' असे म्हणायची मुभा आहे का? आणि तो तसे म्हणून नोकरी सोडून घरी आला, तर त्याला पळपुटा म्हणू नका.

जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा 'समुद्र रविवार' म्हणून पाळते. त्या दिवशी, आणि इतर दिवशीही, समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी आपण प्रार्थना करूया. मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण जरूर करूया. त्याच वेळी, त्याला ज्या फळीला धरून किनारा गाठायचा आहे ती फळी मजबूत आहे की नाही, हेही पाहून घेऊया. पाहण्याचे हे काम देवाने आपल्याकडे दिले आहे.