बिनपगारी माणसाचा हिशेब

स्काउटमास्तरला पगार नसतो. वर्गात शिकवण्याचा पगार मिळतो, तो वेगळा. पण शाळा सुटल्यावर मैदानात थांबून पोरांना दोरीच्या गाठी शिकवणे, शिबिरासाठी भाड्याचे तंबू शोधत फिरणे, रात्री शेकोटीपाशी बसून पंचवीस-तीस मुलांची डोकी पुन्हा पुन्हा मोजणे, याचे पैसे कुणी देत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक हे काम करतो तेव्हा मोहल्ल्यातली मंडळी कौतुकाने म्हणतात, "सर लोग मुफ्त में खिदमत करते हैं." ऐकायला बरे वाटते. परंतु या 'मुफ्त' शब्दात एक नैतिक पेच आहे आणि त्याकडे आपल्या समाजात फारसे कुणी वळून पाहत नाही. जो माणूस कामाचा मोबदला घेत नाही, त्याला जाब विचारता येतो का? पगारी नोकराला साहेब विचारतो, दुकानदाराला गिऱ्हाईक विचारते. फुकट देणाऱ्याला कोणी आणि कोणत्या तोंडाने विचारायचे?

आधी या 'मुफ्त'ची थोडी झडती घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक कामांची वाटणी करतात. परीक्षा, पोषण आहार, सहल, स्नेहसंमेलन आणि स्काउट. ज्याची नोकरी नवी, त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. म्हणजे स्वयंसेवेतली 'स्वयं' ही गोष्ट पहिल्या वर्षी तरी बेताचीच असते. पुढे मात्र गोडी लागते. पोरे 'सर' म्हणून तीन बोटांचा सॅल्यूट ठोकतात, डावा हात पुढे करून हस्तांदोलन करतात, बाजारात बाप ओळख देतो, लग्नाच्या दावतीत पुढच्या दस्तरखानावर जागा मिळते. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते; तिथे राष्ट्रपती पुरस्कार किंवा 'हिमालय वुड बॅज' असलेल्यांचा विचार होतो. तेव्हा आम्हाला यातून काहीच मिळत नाही, हे म्हणणे खरे नाही. मिळते ते नोटांत मोजता येत नाही, इतकेच. आणि जे मोजता येत नाही त्याचा हिशेबही कुणी मागत नाही.

पैशांचा हिशेब सोपा असतो. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम आहे. मुले छोटी-मोठी कामे करून चार पैसे मिळवतात. तो जमाखर्च फळ्यावर लिहिला की प्रश्न मिटला. आम्ही बोलतो आहोत ते मुलांच्या हिशेबाविषयी.

एका पालकसभेत शिबिराची माहिती सांगून झाली. फी किती, बस किती वाजता, पांघरूण कोणते आणायचे, सगळे झाले. मागच्या रांगेत बसलेल्या एका आईने बुरख्याचा पदर सावरत विचारले, "सर, रात को तंबू में बच्चों के साथ कौन सोता?" सभा गप्प झाली. एक बुजुर्ग रागावून म्हणाले, "बहन, ये क्या सवाल है? सर इज्जतदार घर के हैं, पाँच वक्त के नमाजी हैं." बाई ओशाळून खाली बसली. आमचे मत असे की त्या सभेत खऱ्या अर्थाने विचारला गेलेला प्रश्न तो एकच होता. बुजुर्गांनी दिलेले उत्तर त्या प्रश्नाचे नव्हतेच. नमाज हा माणसाचा आणि अल्लाहचा व्यवहार आहे. तंबूत कोण झोपतो, हा माणसाचा आणि त्या आईचा व्यवहार आहे. पहिल्या खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात वळती करता येत नाही.

स्काउटच्या नियमांत पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे. त्यावरून अनेक जण असे समजतात की स्काउटमास्तरवर शंका घेणे म्हणजे चळवळीच्या पायावरच कुदळ मारणे. इथे आपल्या भाषेतला एक शब्द कामाला येतो. अमानत. कुणी आपल्याकडे दागिने अमानत ठेवले, तर मालकाला वाटेल तेव्हा येऊन ते मोजून पाहता येतात. मोजायला आलेल्या मालकावर जो रागावतो त्याच्याविषयी शहाणे लोक काय समजायचे ते समजतात. विश्वासू असणे हा आपण स्वतःला लावायचा बिल्ला नाही. दुसऱ्याने कधीही तपासावे आणि आपण निर्धास्त राहावे, त्या अवस्थेचे ते नाव आहे. सोन्याच्या बाबतीत हे आपल्याला पटते. मग पोटच्या मुलाच्या बाबतीत मोजणे अपमानाचे का वाटावे?

न मोजण्याची किंमत काय होते, ते अमेरिकेत दिसले. तिथली 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही संस्था १९१० साली स्थापन झाली. लाखो मुले, हजारो स्वयंसेवक, राष्ट्राध्यक्षांचा आशीर्वाद. कोणत्या स्वयंसेवकाने मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचा संशय आहे, याच्या गोपनीय फायली ही संस्था १९२०च्या दशकापासून ठेवत होती. म्हणजे वरच्या लोकांना माहीत होते. माहीत नव्हते ते आई-बापांना. २०१२ साली ओरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली उघड झाल्या. त्यांतून दिसले ते असे, की कित्येकदा प्रकरण पोलिसांकडे गेलेच नाही; माणसाला गुपचूप राजीनामा द्यायला सांगितले गेले, कारण संस्थेचे नाव चांगले होते आणि तो माणूस गावातला मान्यवर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यानंतर ८२ हजारांहून अधिक लोकांनी, त्यांतले कित्येक आता म्हातारे झालेले, आपल्यावर लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले. २०२२ साली न्यायालयाने सुमारे अडीच अब्ज डॉलर भरपाईच्या योजनेला मंजुरी दिली. त्या ८२ हजारांपैकी किती जणांच्या आयांच्या ओठांवर आमच्या त्या बहिणीचा प्रश्न येऊन परत गेला असेल?

"हे तिकडचे, गोऱ्यांचे, आपल्याकडे असले काही नसते," असे म्हणणारे भेटतातच. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. आणि ज्या गोष्टीने आम्ही स्वतः थबकलो ती ही, की सोसणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. आपल्या घरांत मुलीला शिबिराला पाठवताना दहा प्रश्न विचारले जातात आणि बहुधा पाठवलेच जात नाही. मुलाबाबत एकही प्रश्न नसतो. "लड़का है, उसे क्या होता है?" २०१२ साली आलेल्या पोक्सो कायद्याने मुलगा आणि मुलगी असा भेद ठेवला नाही. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हा त्याने अधिक गंभीर मानला आणि माहीत असून कळवले नाही तर तोही गुन्हा ठरवला. कायद्याला जे कळले ते आमच्या मोहल्ल्याच्या पंचांना कळायचे आहे. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर दिला, त्यात हे कुठे आले होते असे आठवत नाही.

आता खरी अडचण. ती आमची आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. शंका म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. टोपीवाला, दाढीवाला मास्तर खाकी कपड्यातल्या पोरांना रांगेत चालवू लागला की रस्त्याने जाणारा गाडी थांबवून विचारतो, "इथे कसले ट्रेनिंग चालले आहे?" शेजारच्या मैदानावर दुसऱ्या शाळेचे पथक तेच कदम, तीच शिट्टी करत असते, तिथे गाडी थांबत नाही. अशा अनुभवातून गेलेल्या माणसाला आपल्याच माणसांनी पुन्हा प्रश्न विचारला तर तो चिडतो. बाहेरचेही शंका घेतात, घरचेही घेतात; मग आम्ही हे करायचे तरी कशाला, असे त्याला वाटते. हे वाटणे खोटे नाही.

पण या दोन शंका एक नाहीत. आणि स्काउटचा आपल्या देशातला इतिहासच हा फरक शिकवतो. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा श्रीमंत आणि कामकरी घरांतली मुले एकत्र आणली होती. तीच चळवळ १९०९ साली हिंदुस्थानात आली ती फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद होते. का, तर त्यांच्या जन्मावर सरकारचा भरवसा नव्हता. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत हिंदी मुलांसाठी वेगळी पथके उभारली. पुढे निरनिराळ्या संघटना झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या एकत्र याव्यात म्हणून पंडित नेहरूंबरोबर शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनीही प्रयत्न केले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एक संघटना झाली. १९०९ची ती शंका 'तू कोण आहेस' असे विचारत होती. तिला उत्तरच देता येत नाही, कारण जन्म बदलता येत नाही. त्या आईची शंका 'तू काय करणार आहेस' असे विचारते. तिला उत्तर देता येते, दाखवता येते, रोज दाखवता येते. आणि मुख्य म्हणजे ती सर्वांना सारखीच विचारायची असते. मुख्याध्यापकाला, मौलवीसाहेबांना, संस्थेच्या अध्यक्षाला, वीस वर्षे काम केलेल्याला आणि काल आलेल्यालाही. सर्वांना लागू असलेल्या नियमात कुणाचाच अपमान नसतो. एकट्यादुकट्याला वगळले की मात्र उरलेल्यांचा होतो.

यावर एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवला जातो. इतकी चौकशी लावली तर फुकट काम करायला येणार कोण? आधीच माणसे मिळत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. काही भले लोक कंटाळून जातीलही. पण जो माणूस 'मी फुकट करतो, मला विचारू नका' म्हणतो, तो वस्तुतः फुकट करत नाही. चौकशीपासून सूट, ही त्याने लावलेली किंमत आहे, आणि ती मुलांकडून वसूल होते. इतके महागडे फुकट आपल्याला परवडणारे नाही.

नियमाची झळ मात्र आम्हालाही लागते, हे नाकारून चालणार नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात जो दंडक आला, त्यात दोन मोठी माणसे असल्याशिवाय शिबिर नाही आणि मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने राहायचे नाही. ऐकायला सरळ आहे. पण मुले सरळ नसतात. बाप वारलेला एखादा सातवीतला मुलगा शेकोटी विझल्यावर मागे रेंगाळतो. त्याला काही सांगायचे असते आणि ते चारचौघांत सांगायचे नसते. अशा वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तंबूत नेऊन बोलावे, असे कुठल्याही शिक्षकाला वाटेल. आम्ही ते करत नाही. आम्ही त्याला घेऊन मैदानाच्या मधोमध, कंदिलाच्या उजेडात बसतो. इतक्या अंतरावर की सगळ्यांना दिसावे आणि कुणाला ऐकू जाऊ नये. उघड्यावर मुलगा तितके बोलत नाही. काही तरी त्याच्या मनात राहूनच जाते. हे नुकसान आहे आणि ते पत्करूनच हे काम करावे लागते, असे आम्ही ठरवले आहे.

आमच्याकडे आता मोठी माणसे वेगळ्या तंबूत झोपतात, मुले आपापल्या टोळीबरोबर. टोळीला स्काउटमध्ये 'पेट्रोल' म्हणतात आणि दर वर्षी नवी पोरे त्यावर हसतात. मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते की सरांचीही एखादी गोष्ट खटकली तर घरी सांगायची, आणि 'ये किसी को मत बोलना' असे जो म्हणेल त्याचे तर आधी सांगायचे. पालकांपैकी कुणीही रात्री न कळवता येऊन पाहू शकतो. आला तर वहीत वेळ लिहून सही करतो. मागच्या शिबिरात रात्री दहाच्या सुमारास दोन आया रिक्षा करून आल्या. आपली आई आलेली पाहून दोन पोरांनी लाजून तोंडावर पांघरूण ओढले. बायकांनी बॅटरी घेऊन सगळे तंबू पाहिले, मुले मोजली, आमची झोपण्याची जागा पाहिली, सही केली आणि सकाळच्या पोह्यांना शेंगदाणे आणलेत का, हेही विचारून घेतले.

मुलींचे शिबिर अजून एका दिवसाचेच होते. संध्याकाळी पाचला त्या घरी परततात. त्या दोघींपैकी एकीची मुलगी आमच्याच शाळेत गाइड आहे. मुलींचा मुक्काम ठेवणार असाल तर मी स्वतः राहायला येते, असे तिने सांगितले आहे. तिच्या जोडीला दुसरी बाई हवी. ती आम्ही शोधतो आहोत.