कौत्साची दक्षिणा आणि फुटबॉलचा बाजार

फुटबॉल संघाकडे चांगला खेळाडू दोन वाटांनी येतो. एक तर दहा-बारा वर्षांचा पोरगा हाताशी धरून त्याला आठ-दहा वर्षे घडवायचे, नाही तर दुसऱ्याने घडवलेला, नावारूपाला आलेला खेळाडू पैसे मोजून आणायचा. पहिली वाट लांबची आणि बेभरवशाची, दुसरी जवळची आणि महाग, असा हिशेब नेहमी मांडला जातो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. पैसे मोजले तेव्हा नेमके काय विकत घेतले? माणूस, त्याचे कौशल्य, की आणखी काही? आणि ज्याने घडवले त्याचे देणे त्या पैशाने फिटले का?

माणूस विकत घेता येत नाही, हे आज सर्वांना मान्य आहे. पण ते का, याचा विचार भारतीय परंपरेत एका वेगळ्याच ठिकाणी सापडतो. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग ‘सर्वस्व’ म्हटल्यावर आई-बाप आणि मुलेही त्यात आली का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात, सातव्या पादात हा प्रश्न घेतला आहे. निर्णय असा की दान फक्त आपल्या मालकीच्या वस्तूचे होते, आणि आई-बापांवर वा मुलांवर कोणाची मालकी नसते. राजालाही सगळी पृथ्वी देऊन टाकता येत नाही, कारण तो तिचा मालक नव्हे. नाते कितीही जवळचे असले, अधिकार कितीही मोठा असला, तरी त्यातून मालकी निघत नाही. कांट १७८५ मध्ये दुसऱ्या वाटेने जवळपास इथेच पोहोचला: वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. वर्तमानपत्रात अमुक संघाने अमुक खेळाडू इतक्या कोटींना ‘घेतला’ असे छापून येते, तेव्हा ते क्रियापद सैलपणे वापरलेले असते.

मग कौशल्य विकत घेतले असे म्हणावे, तर अडचण आणखी वाढते. वैशेषिक दर्शनात गुण द्रव्याला चिकटून असतो. एका द्रव्यातला गुण उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. कौशल्य ज्यातून येते तो भावना नावाचा संस्कार हा आत्म्याचा गुण. या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने तो तीन कारणांनी उपजतो असे सांगितले आहे: अनुभव ठसठशीत असल्याने, तो पुनःपुन्हा घडल्याने आणि त्याबद्दल आदर असल्याने. यातल्या दुसऱ्या कारणाचे, म्हणजे अभ्यासाचे, उदाहरण देताना त्याने विद्या आणि शिल्प यांच्या जोडीला व्यायामही घेतला आहे. प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्या संस्कारावर उभी राहते आणि त्याला अधिक पक्के करते, असे त्याचे म्हणणे.

मैदानावर हे डोळ्यांनी दिसते. उंचावरून येणारा चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवायला शिकणारा मुलगा सुरुवातीला पाय ताठ ठेवतो आणि चेंडू उसळून हातभर लांब जातो. प्रशिक्षक सांगतो, चेंडू लागताना पाय किंचित मागे घे. शंभर वेळा चुकते. मग एखाद्या संध्याकाळी चेंडू बुटापाशीच मरतो, आणि त्यानंतर मुलगा खाली न बघताच तो घेऊ लागतो. आता त्याची नजर वर आहे आणि पुढचा पास कुठे द्यायचा ते तो पाहतो आहे. ही नजर वर उचलली जाणे म्हणजेच संस्कार. तो कोणत्याही करारपत्रात लिहून देता येत नाही. नवा संघ हा खेळाडू आणतो तेव्हा त्याचा खेळ संघाला पाहायला मिळतो, वापरायला मिळतो. संघाचा मात्र तो होत नाही.

कायद्यानेही अखेर हेच मान्य केले. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निर्णय दिला की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाऊ देण्यासाठी जुना क्लब पैसे मागू शकत नाही. तेव्हापासून ट्रान्सफर फीचा खरा अर्थ उघड झाला: करारातली उरलेली वर्षे मोडण्याची ती भरपाई. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. विकत घेतली जातात ती करारातली वर्षे. माणूस नाही आणि कौशल्यही नाही.

दुसरा प्रश्न ऋणाचा आहे आणि तो जास्त खोल आहे. भारतीय परंपरेला शिकवणे हा सौदा कधीच पसंत नव्हता. मनुस्मृतीने पैसे ठरवून शिकवणाऱ्या भृतकाध्यापकाला आणि त्याच्याकडे तसे शिकणाऱ्यालाही श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. दक्षिणा द्यायची ती विद्या पुरी झाल्यावर, शिष्याने, कृतज्ञतेने. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गातली कौत्साची कथा या व्यवस्थेचा कस पाहते. वरतंतू गुरूंनी त्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. कौत्साने फारच हट्ट धरला तेव्हा रागावून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघू राजाकडे आला, तर रघूने नुकतेच विश्वजित यज्ञात सगळे देऊन टाकलेले. अर्घ्य द्यायलाही मातीचे पात्र. रघू कुबेरावर चालून जाणार, तोच रात्रीतून कोषागारात सोन्याचा पाऊस पडला. रघू म्हणतो सगळे ने, कौत्स म्हणतो गुरूंचे देणे आहे त्यापेक्षा एक नाणेही नको.

या कथेत शिकतो एक, शिकवतो दुसरा आणि पैसे भरतो तिसरा. म्हणजे तिसऱ्याने पैसे भरणे यात मुळात काही हीन नाही. रघू भरतो ते कौत्साला आपल्या पदरी ठेवण्यासाठी नव्हे, त्याचे ऋण फिटावे म्हणून. एकलव्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. द्रोणांनी त्याला शिकवायला नकार दिला, त्याने मातीच्या मूर्तीसमोर एकट्याने अभ्यास केला, आणि तरी द्रोणांनी अंगठा मागितला. न शिकवता घेतलेली ती दक्षिणा होती, आणि मागितले तेही नेमके कौशल्यच. दुसऱ्याने वाढवलेला खेळाडू उचलून त्याच्या पहिल्या प्रशिक्षकाला विसरणारा क्लब द्रोणांच्या बाजूचा ठरतो, मग त्याने पैसे कितीही मोजलेले असोत.

आधुनिक फुटबॉलने या ऋणाला आकडा दिला आहे. फिफाच्या २००१ च्या नियमांनुसार करार चालू असताना खेळाडू एका देशाच्या क्लबातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला, तर भरपाईच्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. पहिल्या चार वर्षांसाठी दर वर्षाचे ०.२५ टक्के, पुढच्या आठ वर्षांसाठी दर वर्षाचे ०.५ टक्के. एक कोटीच्या करारात बाराव्या वर्षी शिकवणाऱ्या क्लबाच्या वाट्याला २५ हजार रुपये येतात. रक्कम किरकोळ वाटेल, पण तत्त्व मोठे आहे: खेळाडू कितीदाही हात बदलो, शिकवणाऱ्याचा दुवा तुटत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या लोकांना ही रचना ओळखीची वाटावी. या जिल्ह्यात भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघते. पोलाद दुसरीकडे होते आणि नावही दुसरीकडचे होते. म्हणूनच खनिजावर रॉयल्टी असते, आणि २०१५ पासून खाणीने बाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद कायद्यात आली. खाणीतला दगड आणि तिथल्या वैनगंगेकाठचा पोरगा यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. दगडाला आपण कुठून आलो हे आठवत नाही. गोंदियामार्गे नागपूरला खेळायला गेलेल्या मुलाला ते आठवते. रॉयल्टी कायद्याने वसूल होते, कृतज्ञता होत नाही.

मराठी मुलखात खेळाडू घडवायचा की बाहेरून आणायचा हा वाद सर्वांत जिवंत आहे तो कोल्हापुरात. तिथल्या संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. तालीम म्हणजे शिक्षण आणि तालीम म्हणजे पेठेतला आखाडाही. संघ पेठेचा, खेळाडू पेठेचा, आणि शाहू स्टेडियमवर ओरडणारा प्रेक्षकही पेठेचाच. तिथे आफ्रिकेतले आणि इतर राज्यांतले खेळाडू मानधनावर येऊ लागले तेव्हा खेळाचा दर्जा आणि वेग वाढला हे खरे. पण पेठेतल्या पोराला बाकावर बसवून जिंकलेला चषक पेठेचा म्हणायचा का, हा प्रश्नही उभा राहिला. हा प्रश्न परक्याच्या द्वेषातून आलेला नाही. बाहेरून आलेला खेळाडू संध्याकाळी तालमीतल्या लहान मुलांना चेंडू थांबवायला शिकवत असेल, तर तो त्या साखळीत सामील झाला. फक्त सामन्यापुरता येऊन गेला, तर संघाने त्याच्यात स्वतःचे काही घातले नाही आणि त्याच्याकडून काही घेतलेही नाही.

याचा अर्थ घडवण्याची वाट आपोआप पवित्र ठरते असे मात्र नाही. स्पेनमधला १८९८ चा अॅथलेटिक बिल्बाओ क्लब फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो आणि तरीही पहिल्या श्रेणीतून कधी खाली गेलेला नाही. हे उदाहरण मोह पाडणारे आहे. पण अकादमीत शंभर मुले घेऊन पाच-दहा ठेवणे आणि बाकीच्यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी, शाळा अर्धवट सुटलेली असताना घरी पाठवणे हीसुद्धा माणसाला साधन करण्याचीच रीत आहे. विकत घेतलेला खेळाडू निदान सज्ञान असतो, करार वाचून सही करतो. बारा वर्षांच्या मुलाची सही त्याचा बाप करतो, आणि त्या बापालाही शंभरातल्या नव्वदांचे काय होते हे कोणी सांगितलेले नसते. घडवणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा या नव्वदांशी ती कशी वागते यात आहे.

नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’कडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून बारसे यांना ही कल्पना सुचली. तिथे खेळाडू तयार करून विकणे हा हेतूच नव्हता. खेळून मोठी झालेली मुले पुढे तिथेच प्रशिक्षक झाली. ऋषिऋण, म्हणजे विद्येचे देणे, फेडण्याचा जो मार्ग परंपरेने सांगितला, तो गुरूला परत देण्यापुरता नव्हता. घेतलेली विद्या पुढच्याला देणेही त्यात होते. ही मुले कोणत्याही बाजारात गेली नाहीत, तरी त्यांचे ऋण फिटत राहिले.

फिफाचा हिशेब बाराव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधी गल्लीतल्या ज्या मोठ्या पोराने लहानग्याला आपल्या संघात घेतले, पायाला लागले तेव्हा उचलून घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायला आला, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.