पंढरपूरच्या म्होरं

पावसाळा सरला की रात्री जमिनीलगतची हवा गार पडते नि लांबचा आवाज खाली वळून शिवारात उतरतो. बार्शी लाइटची शिट्टी आम्हाला तशी रात्रीच ऐकू यायची. 1906 साली ही अडीच फुटी रुळांची गाडी पंढरपूरला पोचली. बायांना विठोबाच्या नावानं तरी तिच्यात बसता येऊ लागलं.

आई मात्र विचारायची, "पंढरपूरच्या म्होरं कुठं जाती रं ही?"

"मिरजेला."

"आन् त्याच्या म्होरं?"

आजी चुलीपुढूनच म्हणायची, "घर खायला उठलंय व्हय गं तुला?"

घर भरलेलं होतं, सुखाचंच होतं. पण भरल्या घरातूनही माणसाला नुसतं, बिनकामाचं जावंसं वाटतं. त्यात घराचा अपमान कुठं आला? मी पुढं पुष्कळ हिंडलो. मला कुणी 'कशाला?' म्हणून विचारलं नाही.